आधी वास यायचा

ऑर्केस्ट्रात बेस वाजवणाऱ्याकडे कुणी बघत नाही. लाइट गायकावर, शिट्ट्या ऑक्टोपॅडवाल्याला. बेसवाला मागे, ड्रमसेटला खेटून, आपल्या अ‍ॅम्पला जवळजवळ पाठ लावून उभा. ऐंशीच्या दशकात या उभं राहण्याला अर्थ होता, कारण अ‍ॅम्पची तब्येत कानाआधी पाठीला कळायची.

परदेशी अ‍ॅम्प तेव्हा फोटोतच बघायचा. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचे आणि ओळखीच्या मेकॅनिककडून अ‍ॅम्प बांधून घ्यायचा. पोटात भलाथोरला ट्रान्सफॉर्मर, पाठीला काळा हीटसिंक आणि त्यावर ओळीनं बसवलेले ३०५५. ‘टूएन-३०५५’ असं पूर्ण नाव कुणी घेत नसे. जाड धातूचा तो ट्रान्झिस्टर, खाली अभ्रकाचा पातळ तुकडा आणि अभ्रकाच्या दोन्ही अंगांना पांढरी पेस्ट. पेस्ट लावण्यात चिक्कूपणा केला की उष्णता हीटसिंकपर्यंत पोचतच नसे. हीटसिंक हाताला गार लागतोय म्हणून नवखा खूश व्हायचा आणि जुना मेकॅनिक तेवढ्यानंच सावध व्हायचा.

आमच्या आधीची पिढी व्हॉल्व्हवर वाढलेली. लिओ फेंडरनं १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणली आणि पुढच्या वर्षी तिच्यासाठी बेसमन हा अ‍ॅम्प काढला, तो २६ वॉटचा. पण बेसची भूक वॉटनं लवकर भागत नाही. सगळ्यांत जाड तार मोकळी छेडली की ४१ हर्ट्झचा सूर निघतो. आपला कान तिथं मंद असतो, म्हणून गिटारवाल्याच्या कितीतरी पट ताकद लागते. याचं टोक म्हणजे १९६९ सालचा अँपेगचा एसव्हीटी. ३०० वॉट, १४ व्हॉल्व्ह, आणि स्पीकर सोडून नुसत्या हेडचं वजन ३५ किलोंच्या वर. त्याचे सुरुवातीचे नमुने रोलिंग स्टोन्सनी त्याच वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात वापरले. असा अ‍ॅम्प तापतो का, हा प्रश्नच चुकीचा. तापणं हेच त्याचं काम. फक्त व्हॉल्व्हच्या आतली प्लेट लाल दिसू लागली की धावत जाऊन बंद करायचा.

आमच्या ट्रान्झिस्टरवाल्या अ‍ॅम्पला असा लाल दिवा नव्हता, तरी तोही बोलायचा. आधी सूर लिबलिबीत व्हायचा. मग गुणगुण वाढायची. मग ट्रान्सफॉर्मरच्या तारेवरच्या वार्निशचा गोडसर, करपट वास यायचा. तोवर मध्यंतर गाठता आलं तर जिंकलो. टेबलफॅन मागे लावायचा आणि दुसऱ्या भागात आवाज थोडा खाली ठेवायचा. फ्यूज उडाला तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवणारे महाभाग होते. त्यांचं कौतुक आज रंगवून सांगितलं जातं, पण तो शुद्ध गाढवपणा होता. ३०५५ शॉर्ट झाला आणि फ्यूज उडालाच नाही, तर डीसी थेट स्पीकरच्या कॉइलमध्ये जातो. शंभर रुपयांच्या दुरुस्तीत मग स्पीकरचाही बळी.

आता माझ्या खांद्यावरच्या बॅगेत ५०० वॉटचं हेड असतं, वजन तीन किलोंच्या आत. कॅलिफोर्नियात वॉल्टर वुड्स यांनी सत्तरच्या दशकातच हलके, छोटे बेस अ‍ॅम्प बनवून दाखवले होते. आपल्यापर्यंत ती चाल यायला तीस वर्षं गेली. यातली युक्ती दोन ठिकाणी आहे. ट्रान्सफॉर्मरच्या जागी कॉम्प्युटरसारखा एसएमपीएस आला, आणि क्लास-डी सर्किटातले ट्रान्झिस्टर अर्धवट उघडे राहत नाहीत. सेकंदाला काही लाख वेळा पूर्ण चालू, पूर्ण बंद होतात. जुन्या पद्धतीचा अ‍ॅम्प ५०० वॉट बाहेर देताना तीनशेहून अधिक वॉट हवेत उधळायचा. हा पन्नास-साठ उधळतो.

पण ते पन्नास-साठ वॉट कुठं जातात? जाडजूड शब्दकोशाएवढ्या डब्यात. म्हणजे २५ वॉटच्या दोन सोल्डरिंग गन आत चालू ठेवून झाकण लावण्यासारखं. बोटभर पंखा ती उष्णता बाहेर ढकलतो आणि मंडपातली धूळ आत ओढतो. जाळीवर धुळीची गादी बसली की संपलं. त्यात नागपूरचा मे महिना, हवाच ४५ अंश, स्टेजवर ऊन. किंवा कुणीतरी उत्साहानं चार-चार ओहमचे दोन स्पीकर जोडतो, भार दोन ओहमवर येतो, करंट दुप्पट मागितला जातो. जनरेटरचा व्होल्टेज पडला तर जुना अ‍ॅम्प नुसता मरगळायचा. एसएमपीएस तेवढीच ताकद देण्यासाठी जास्त करंट ओढतो आणि स्वतः आणखी तापतो. न्यूट्रल तुटून चारशेच्या आसपास व्होल्ट आले, तर तापायलाही वेळ मिळत नाही.

आणि हे सगळं मुकाट्यानं. सूर शेवटपर्यंत स्वच्छ, वास नाही, पाठीला काही नाही. संरक्षण सर्किट आपलं काम चोख करतं: गाण्याच्या मध्येच एक लाल ठिपका, आणि आवाज बंद. गार झाल्यावर परत सुरू होतो, हा त्याचा मोठेपणा मी मान्य करतो. ३०५५ तेवढा उदार नव्हता. कपॅसिटर मात्र माफ करत नाही. दहा अंश जास्त तापला की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि तो हिशेब काही वर्षांनी येतो. माझं पहिलं छोटं हेड असंच गेलं. मेकॅनिकनं उघडलं, भिंग लावलं, मुंगीएवढे भाग बघितले आणि परत स्क्रू लावून हातात दिलं. अख्खा बोर्ड बदला म्हणाला. बोर्डाची किंमत ऐकून मी नवीनच घेतलं.

तरी जुना अ‍ॅम्प परत आणाल का, असं विचाराल तर नाही. एसटीच्या टपावर तो चढवताना कमरेला बसलेले हिसके अजून पावसाळ्यात दुखतात. मी आता डीआय बॉक्स जवळ ठेवतो. बेसची वायर आधी त्यात जाते. एक वाट थेट मिक्सरला, दुसरी अ‍ॅम्पला. हेड बंद पडलं तर पब्लिकला कळतही नाही, त्यांना बेस ऐकू येतच राहतो. ऐकू येत नाही तो मला. मग ड्रमरच्या पायाकडे बघत गाणं पुरं करतो.