पूर्वजांची डोकी

माझ्या फोनमध्ये दोन मोठे ग्रुप आहेत. एक शाळेतल्या मित्रांचा, दुसरा नातेवाइकांचा. पहिल्यात दर आठवड्याला कळतं की आपल्या ऋषींनी विमानं कधीच उडवली होती. दुसऱ्यात कळतं की बगदाद आणि कुर्तुबामध्ये सगळं ज्ञान होतं, आपणच पुढे नालायक निघालो. या दोन ग्रुपांतली माणसं एकमेकांच्या वाऱ्याला उभी राहणार नाहीत, पण एका मुद्द्यावर त्यांचं घट्ट एकमत आहे. पूर्वीच्या लोकांना डोकं होतं, आता ते राहिलं नाही. मध्यंतरी तर एकच फॉरवर्ड दोन्हीकडे आला. माणसाचा मेंदू आकसतोय, हे म्हणे शास्त्रज्ञांनीच सिद्ध केलं आहे.

एरवी मी असले मेसेज पुसून टाकतो. हा पुसला नाही, कारण असल्या वाक्याचं ओझं शेवटी कुठल्या तरी पोराच्या पाठीवर येऊन पडतं. ते पुढे सांगतो.

आधी त्यात खरं किती ते बघू. मेंदू जमिनीत टिकत नाही, कवटी टिकते. म्हणून मोजायची असते ती कवटीतली रिकामी जागा. युरोपातल्या हिमयुगात राहणाऱ्या क्रो-मॅग्नन माणसांच्या कवट्यांत ही जागा साधारण दीड हजार घनसेंटिमीटर भरते. ती माणसं आपल्याच जातीची, होमो सेपियन्स. आजच्या माणसाची सरासरी साडेतेराशेच्या आसपास धरतात. म्हणजे दहा टक्क्यांची घट. फॉरवर्ड लिहिणारा इथेच थांबतो आणि खुश होतो.

रिकामी कवटी मोजायची कशी? एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियाचे डॉक्टर सॅम्युएल मॉर्टन कवटीत बिया भरायचे आणि त्या मापात ओतायचे. बियांनी दरवेळी वेगळा आकडा येई, म्हणून पुढे ते शिशाच्या बारीक गोळ्या वापरू लागले. हे वाचून मला हसू आलं. माझे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, आमच्या गावच्या मोंढ्यात मापाडी होते. माप भरायचं, ओतायचं, मोजायचं, हेच त्यांनी जन्मभर केलं. पण दादांनी ज्वारी मोजून शेतकऱ्याची लायकी ठरवली नाही. मॉर्टन यांनी 1839 मध्ये ‘क्रेनिया अमेरिकाना’ छापलं, त्यात गोऱ्यांना वर बसवलं आणि काळ्यांना तळाला.

याच धंद्यात आपली एक बाई जाऊन आली होती, हे आपण विसरतो. इरावती कर्वे 1927 साली बर्लिनला गेल्या. तिथे ऑयगेन फिशर या प्राध्यापकांच्या हाताखाली त्यांनी कवट्या मोजल्या. युरोपीय माणसाची कवटी वेगळी असते आणि त्याची बुद्धी त्यातून दिसते, अशी फिशर यांची कल्पना होती. बाईंनी मोजलं आणि लिहून दिलं की वंशानुसार असा काही फरक दिसत नाही. पुढे त्याच फिशर यांच्या वंशविचाराचा नाझींना मोठा आधार झाला. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या इरावतीबाई सगळ्यांना ठाऊक आहेत. मला या बर्लिनच्या इरावतीबाई जास्त आवडतात.

तर मेंदू लहान झाला असेल तर का? हिमयुगातली माणसं अंगानेही दणकट होती. शरीर लहान झालं की मेंदूही थोडा लहान होणार. दुसरं एक मत असं की माणसाने कुत्र्याला माणसाळवलं तसं स्वतःलाही माणसाळवलं; लांडग्यापेक्षा कुत्र्याचा मेंदू लहानच असतो. 2021 मध्ये जेरेमी डिसिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हटलं की ही घट अवघी तीन हजार वर्षांपूर्वीची आहे. त्यांनी मुंग्यांचा दाखला दिला. कामं आणि माहिती समाजात वाटली गेली की एकेकट्या डोक्यावरचा भार कमी होतो. पुढच्याच वर्षी ब्रायन विल्मोर आणि मार्क ग्रॅबोव्स्की यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली. तीन हजार वर्षांपूर्वी अशी घट झालेली त्यांना दिसलीच नाही. कवट्यांचे नमुने वेगवेगळ्या काळांत फार असमान वाटले गेले होते, ही त्यांची मुख्य हरकत. फॉरवर्डमध्ये अर्थातच फक्त 2021 होतं.

आणि घनसेंटिमीटर म्हणजे अक्कल नव्हे. रशियन कादंबरीकार तुर्गेनेव्ह यांचा मेंदू दोन किलोच्या आसपास भरला. फ्रेंच लेखक अनातोल फ्रान्स यांचा जेमतेम एक किलो. नोबेल मिळालं ते फ्रान्स यांना, 1921 मध्ये. मापावरच जायचं तर पाच किलोच्या मेंदूच्या हत्तीला कुलगुरू करावं लागेल.

आकाराचं सोडून जनुकांवर बोट ठेवणारेही आहेत. स्टॅनफर्डचे जेराल्ड क्रॅबट्री यांनी 2012 मध्ये पैज लावावी तसं लिहिलं, की तीन हजार वर्षांपूर्वीचा अथेन्सचा माणूस आज आपल्यात आला तर तो आपल्यातल्या सर्वांत तल्लख लोकांत गणला जाईल. कारण काय, तर शिकारी माणूस चुकला की मरायचा, म्हणून मूर्खपणाची जनुकं गाळली जायची. आता चूक पचते. ऐकायला बरोबर वाटतं. पण त्या काळी माणूस चुकून जेवढा मरे, त्याहून जास्त तो लहानपणी जुलाबाने आणि तापाने मरे. ते रोग हुशार पोराला वेगळं काढून ठेवत नसत.

उलट मेंदूचं खरोखर नुकसान करणाऱ्या गोष्टी आपल्याला नावानिशी ठाऊक आहेत. गरोदर बाईला आयोडीन कमी पडलं तर पोराच्या मेंदूची वाढ खुंटते. त्यासाठी भारत सरकारने 1962 मध्ये गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला आणि पुढे मिठात आयोडीन आलं. पेट्रोलमधलं शिसं मुलांच्या मेंदूला घातक होतं. ते आपल्याकडे 2000 साली बंद झालं. भूक तर आहेच. यातली एकही गोष्ट पूर्वजांच्या थोरवीशी संबंधित नाही. सगळ्या रेशन, पाणी आणि कायद्याशी संबंधित आहेत. म्हणून कदाचित त्यांचे फॉरवर्ड येत नाहीत.

विसाव्या शतकात बुद्ध्यंकाच्या चाचण्यांतले गुण अनेक देशांत दर दहा वर्षांना सुमारे तीन या गतीने वाढत गेले. जेम्स फ्लिन यांनी ते दाखवलं, म्हणून त्याला फ्लिन परिणाम म्हणतात. मग नॉर्वेत 1975 च्या सुमारास जन्मलेल्या मुलांपासून पुढे गुण घसरू लागले. तिथल्या लष्करभरतीच्या नोंदींवरचा अभ्यास 2018 मध्ये आला. एकाच घरातल्या थोरल्या-धाकट्या भावांतही हाच चढउतार दिसत होता. आईबाप तेच, म्हणजे दोष रक्ताचा नाही. शाळा, खेळ, वाचन, सभोवताल यांत काही तरी बदललं होतं. माझ्या मते या सगळ्या वादातला सर्वांत कामाचा पुरावा हाच आहे.

आठवण कमी झाल्याची तक्रारही जुनीच. प्लेटोच्या ‘फीड्रस’मध्ये सॉक्रेटिस इजिप्तची एक कथा सांगतो. थ्यूथ नावाचा देव लेखनकला घेऊन राजाकडे येतो आणि राजा म्हणतो, याने लोक विसराळू होतील. चोवीसशे वर्षांपूर्वीचा मोबाईल म्हणजे लेखणी.

आमच्याकडे याच प्रश्नाचा एक वेगळा अनुभव आहे. पैगंबरांच्या नंतर थोड्याच काळात यमामाची लढाई झाली आणि कुराण तोंडपाठ असणारे बरेच जण त्यात मारले गेले. तेव्हा उमर यांनी ते सगळं एकत्र लिहून काढण्याचा आग्रह धरला. अबू बकर आधी कचरले, मग त्यांनी झैद बिन साबित यांच्यावर काम सोपवलं, असं परंपरा सांगते. गंमत अशी की कागद आल्यावर पाठांतर सुटलं नाही. सहा हजारांवर आयती आजही आपल्याकडची दहा-बारा वर्षांची पोरं पाठ करतात, आणि त्यातल्या बहुतेकांची मातृभाषा अरबी नसते. रमजानमध्ये तरावीहच्या नमाजात इमाम तोंडपाठ म्हणतो, तेव्हा मागे पहिल्या रांगेत दुसरा हाफिज कान देऊन उभा असतो. त्याला सामे म्हणतात. इमाम अडखळला की तो पुढचा शब्द देतो. याला म्हणतात लुकमा देणं, म्हणजे घास भरवणं. एवढी मोठी स्मरणशक्तीही एका डोक्यावर सोडलेली नाही. आणि ही पोरं क्रो-मॅग्नन नाहीत, फोन बघून झोपणारीच आहेत. त्यांच्याकडून रोज कुणी तरी सबक ऐकून घेतं, एवढाच काय तो फरक.

आता आमच्या आपाच्या पोराबद्दल. तो सहावीत आहे. त्याच्या वर्गशिक्षकांनी आपाला बोलावून सांगितलं, ‘याच्या डोक्यात काही शिरत नाही. आजकालच्या पोरांचे मेंदूच असे झालेत.’ आपाने ते मनावर घेतलं. शाळेतून नाव काढायचं आणि दुल्हेभाईंच्या वेल्डिंगच्या दुकानात बसवायचं, इथपर्यंत गाडी गेली. मला फोनवर म्हणाली, “इसका भेजा मोबाईल खा गया. दादा शाळेत गेले नव्हते, तरी त्यांना पावकी, निमकी, दिडकी, औटकी सगळं यायचं. आणि हा?”

दादांना यायचं, हे खरं. पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘बरकत’ म्हणून ते सुरू करत, आणि शेवटचं माप पडेपर्यंत पैशांचा हिशेब तयार असे. सात औटे साडेचोवीस, श्वास घ्यायच्या आत. पण आपा गोष्ट अर्धीच सांगते. दादांना वाचता येत नव्हतं. 1972 च्या दुष्काळात त्यांनी एका व्यापाऱ्याकडून पैसे उचलले आणि कागदावर अंगठा दिला. व्याजाचा आकडा दादांच्या डोक्यात पैशापर्यंत चोख होता. कागदावरचा आकडा दुसरा होता. पंचांपुढे कागद चालला, डोकं चाललं नाही. दोन एकर गेलं. अब्बांना त्यानंतर शाळेत घातलं ते याच कारणाने. हे मी आपाला म्हटलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

ईदला मी चार दिवस तिच्याकडे होतो. भाच्याला पाढे विचारले नाहीत, दिडकी काय असते ते सांगितलं. थोडा वेळ बोटांशी खेळून तो म्हणाला, “मामू, म्हणजे तो आकडा आणि त्याचा अर्धा. मग पाठ कशाला करायचं?” मी म्हटलं, मोंढ्यात समोरचा माणूस थांबत नसे म्हणून. मग नऊ दिडे किती, विचारलं. साडेतेरा म्हणाला, जरा थांबून.

सतराचा पाढा अजून येत नाही. नाव काढायचं आपाने तूर्त लांबणीवर टाकलंय. सोमवारी त्या शिक्षकांना भेटायला मी तिच्यासोबत जाणार आहे.