मेजाचा काठ

अवकाशयानांच्या लढाया मेजावर खेळणाऱ्यांना नियमपुस्तिकेत सहसा न सापडणारा एक प्रश्न पहिल्याच संध्याकाळी पडतो: मेज केवढे घ्यायचे? अवकाश अमर्याद खरे, पण मेजाला काठ असतो आणि काठाशी पोहोचलेल्या यानाचे काहीतरी करावेच लागते.

आम्ही खेळतो तो ‘फुल थ्रस्ट’ हा १९९०च्या दशकाच्या आरंभीचा, जॉन टफ्ली या ब्रिटिश रचनाकाराचा खेळ. त्याचे नियम प्रकाशकांनीच विनामूल्य खुले केले आहेत. यानांच्या तयार प्रतिमा खिशाला परवडत नाहीत, म्हणून आमची आरमारे बाटल्यांच्या बुचांची आहेत. भाषा-साहित्याच्या अध्यापकांनी असल्या खेळात का रमावे, असे सहकारी विचारतात. वर्गात आपण रूपबंधाची मर्यादा आशयाला कशी वळण लावते ते सांगत असतो. येथे ते वळण फूटपट्टीने मोजता येते.

बुद्धिबळातला हत्ती चाल संपली की थांबतो. येथले यान थांबत नाही. मागील चालीत त्याचा वेग २० एकके असेल, तर पुढील चालीतही तो २०च राहतो. इंजिनाचा रेटा ४ असल्यास एका चालीत वेग फार तर ४ने वाढवता वा घटवता येतो. दिशा घड्याळाच्या बारा आकड्यांवर मोजतात आणि वळण्यासाठी रेट्याचा अर्धाच भाग वापरता येतो. म्हणजे आमचे यान एका चालीत दोन आकडे, ६० अंश वळते, त्यातले अर्धे वळण चालीच्या आरंभी आणि अर्धे मध्यावर. आता हिशेब पाहावा. वेग २० असताना थांबायचे ठरवले, तर यान १६, १२, ८ आणि ४ असे सरकत ४० एकके पुढे जाऊन स्थिरावते. वेग न घटवता तोंड पूर्ण फिरवायचे तर तीन चाली लागतात, आणि तोवर ते मूळ रेषेपासून सुमारे ३७ एकके बाजूला गेलेले असते.

आमचे मेज सहा फूट बाय चार फूट. एक एकक म्हणजे एक इंच धरले, तर ४८ इंचांच्या रुंदीतले ३७ इंच या एका वळणात खर्ची पडतात. साहजिकच कोणी २०च्या वेगाने जात नाही. सगळे ६ वा ८च्या वेगाने, जपून चालवतात. ६च्या वेगात तेच वळण ११ इंचांत बसते. पण मग मोठ्या तोफांचा ३६ इंचांचा पल्ला जवळजवळ सारा पट व्यापतो, माऱ्याबाहेर राहायला जागा उरत नाही आणि लढाई संथ पाण्यात नांगर टाकून केल्यासारखी होते. जडत्वाचा इतका सुंदर नियम पुस्तिकेत आहे आणि पटावर त्याची कोणाला गरजच भासत नाही! एकक सेंटीमीटरचे धरले की (नियमांना तेही मान्य आहे) तेच मेज १८३ बाय १२२ एककांचे होते आणि याने एकदम धावू लागतात.

मराठीत ‘अवकाश’ म्हणजे मोकळी जागा आणि ‘अजून अवकाश आहे’ म्हणजे वेळ आहे. या खेळात हे दोन अर्थ वेगळे काढता येत नाहीत. मोठ्या पटावर चुकीची दिशा धरलेल्या सेनानीला ती सुधारायला तीन चाली मिळतात. लहान पटावर मिळत नाहीत.

२०१२ साली आलेल्या ‘एक्स-विंग’ या अमेरिकी खेळाने दुसरी वाट घेतली. त्याचा पट तीन फूट बाय तीन फूट. सर्वांत लांब सरळ चालीत लहान यान २४ सेंटीमीटर जाते. त्याच वेगाने सरळ धावत राहिले तर ते चौथ्या चालीला पटाबाहेर पडते, आणि पटाबाहेर पडलेले यान बाद. तेथे जडत्व टाकून दिले आहे: वेग दर चालीला नव्याने निवडायचा. त्यामुळे काठ जाचत नाही, उलट शत्रूला कोंडण्याच्या कामी येतो. हे प्रामाणिक आहे, असे आमचे मत. ज्या चित्रपटांवरून तो खेळ घेतला, त्यांतली यानेही विमानांसारखीच झुंजतात.

काठ नाहीसा करण्याचा एक उपाय खेळाडूंत रूढ आहे. एखादे यान कडेला आले की पटावरचे सगळे, ग्रह असेल तर तोही, सारख्याच अंतराने मागे सरकवायचे. परस्परांतली अंतरे तीच राहतात, म्हणजे काहीच बदलले नाही! आम्ही हे काही महिने केले. पण मग आमच्यातील एकाने सर्वांत वेगवान यान घेऊन नुसते पळायला सुरुवात केली. काठ नाही म्हणजे त्याला कोणी अडवू शकत नाही. तो हरत नाही, लढतही नाही. दोन तास आम्ही बुचे मागे सरकवत होतो.

त्याचे म्हणणे, अवकाशातले युद्ध असेच असणार, आणि ज्याला लढायचे नाही त्याला लढायला लावणे हा मेजाचा जुलूम आहे. बाकीच्यांना नाटक आठवते: पात्र विंगेत गेले म्हणून मरत नाही, पण ते परतलेच नाही तर प्रवेश पुढे सरकत नाही. सध्या तडजोड म्हणून काठ ठेवला आहे. बाहेर गेलेले यान तीन चालींनंतर त्याच कडेने परत येऊ शकते. तो अजून बहुधा परत येत नाही.