रोलमधले तीन फोटो

मुलांनो, उन्हाळ्यात माणसाचा फोटो कोठे काढावा? दादासाहेब फाळके १८७० साली आमच्या नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरला जन्मले. चित्रपट काढण्याआधी ते गोध्र्याला फोटो काढत. त्यामुळे नाशिककराला फोटो जमणारच, असे मला वाटे!

मामाच्या कॅमेऱ्यात तीनच फोटो शिल्लक होते. आजीचा तोवर एकही फोटो नव्हता. भर दुपारी मी तिला गोदावरीच्या घाटावर उभे केले. पायऱ्या तापलेल्या, ऊन डोक्यावर. तिला डोळे उघडवेनात. तुम्ही घाटावर गेलात, तर सकाळी सातच्या सुमारास जा. संध्याकाळी गंगापूर धरणावर मी सूर्य तिच्या पाठीशी ठेवला.

“आता मी कुठेही येणार नाही,” आजी म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती जुन्या नाशिकमधल्या आमच्या वाड्याच्या दारात तांदूळ निवडत बसली होती. दारात सावली होती. समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून उजेड तिच्या तोंडावर येत होता. मी हाक मारली. तिने वर पाहिले.

रोल धुऊन आला. घाटावर तिच्या डोळ्यांत नुसत्या सावल्या होत्या, धरणावर चेहरा काळा. तिसरा फोटो आजही आमच्या घरात आहे. त्यात सूप अर्धेच आले आहे; आजी मात्र हसते आहे.