देव्हाऱ्यातले पागनीस

आमचं गाव देहूपासून तीन कोसांवर. घरातला देव्हारा म्हणजे भिंतीतला कोनाडा. त्यात टाक, विठोबा-रखुमाई आणि काचेला तडा गेलेली तुकोबांची तसबीर. हातात वीणा, कपाळी गंध, डोळे अर्धे मिटलेले. आजी रोज आधी त्या तसबिरीला गंध लावायची, मग चूल पेटवायची. सावकाराच्या देण्यापायी खालचं वावर गेलं, तेव्हा ती कुणापुढं रडली नाही. तसबिरीपुढं जाऊन बसली आणि एवढंच बोलली, "तुझ्याबी घरात दुष्काळ शिरला व्हता. तुला ठावं हाय."

१९७९ साली मी शिकायला पुण्यात आलो. नारायण पेठेत चौघांत एक खोली. आमच्यातला एक जण फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दिवे उचलायच्या कामाला होता. एका संध्याकाळी म्हणाला, "चल, आज तुकाराम दाखवतायत."

ती जागा म्हणजे जुनी प्रभात कंपनी. प्रभात १९३३ मध्ये कोल्हापूर सोडून पुण्यात आली, आणि दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' १९३६ साली इथंच तयार झाला. मुंबईत तो एकाच थेटरात वर्षाहून जास्त चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवातही नावाजला गेला. मला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. दिवे मालवले आणि पडद्यावर आमच्या देव्हाऱ्यातली तसबीर गाऊ लागली.

मी मित्राला कोपरानं ढोसलं. "हे कोण रे?"

"विष्णुपंत पागनीस. नट."

पुढचा सिनेमा मी धड पाहिलाच नाही. नट! इतकी वर्षं आजी एका नटाला गंध लावत होती?

पुढं मिळेल ते वाचत गेलो. पागनीस मूळचे संगीत नाटकातले. तरुणपणी लुगडं नेसून बायकांची कामं करायचे. तुकारामासाठी त्यांचं नाव निघालं तेव्हा त्या बायकी वळणामुळंच आधी कांकू झाली होती म्हणतात. पण सिनेमा लागला आणि लोक त्यांच्या पाया पडू लागले. नंतर ते हिंदीत तुलसीदास झाले, नरसी भगत झाले. लोकांना ते संत म्हणूनच हवे होते. १९४३ मध्ये ते गेले. तुकारामानंतर उणीपुरी सात वर्षं. आणि आजी जात्यावर म्हणायची तो बीजाचा अभंग? तोही गाथेतला नव्हे. शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेला.

दिवाळीला घरी गेलो. कॉलेजचं वारं अंगात होतं. आजी वाती वळत होती. मी सांगून टाकलं, "आज्जे, ह्यो तुकोबा न्हाई. सिनेमातला नट हाय."

तिनं मान वर केली नाही. "मला काय सांगतोस? जत्रंला तंबूत बघितलाय म्यां. पायताण भायेर काढून बसलो व्हतो समदी."

"मग त्याला गंध का लावतीस?"

"तुकोबाला कुनी बघितलंय, बाळा? ज्यानं दावला त्याचं त्वांड लावलं."

मी गप्प झालो. तीन-चार वाती वळून झाल्यावर तिनंच विचारलं, "त्यो मानूस फुडं काय करीत व्हता?"

मी जे वाचलं होतं ते सांगितलं. पुढं सगळे संतच केले, दुसरं काही फारसं वाट्याला आलं नाही.

सिनेमाच्या शेवटी मोठ्या पक्ष्यासारख्या विमानात बसून तुकोबा वैकुंठाला जातात आणि जिजाई खाली राहते. आजीला तेच आठवलं असावं. म्हणाली, "म्हंजी इमानात बसविला आन् खाली उतरूच दिला न्हाई."

दुसऱ्या दिवशी पूजेच्या वेळी ती गेलेल्या माणसांची नावं घेत होती. आजोबा, थोरला चुलता, आणि शेवटी थोडं अडखळत, "पागनीस."

आजी गेल्यावर तसबीर मी कोथरूडच्या घरी आणली. १९९७ साली दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झालं. आमचा मुलगा पाठीला टॉवेल बांधून हॉलभर गरगर फिरायचा. मी त्याला म्हटलं, "अरे, तो मुकेश खन्ना. आधी महाभारतात भीष्म होता." तो माझ्यावर चिडला. "नाही! तो शक्तिमानच आहे!"

मी वाद घातला नाही. त्या माणसानं भीष्मासारखी मोठी भूमिका केलेली, पण आमच्या घरात ती एका टॉवेलापुढं पुसली गेली होती.

त्या रात्री तसबीर खाली काढली. तडा गेलेली काच बदलायची कितीतरी दिवस राहिली होती. काच बदलली आणि मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिहिलं : विष्णुपंत पागनीस. पुढच्या बाजूला काही लिहिलं नाही. तिथं तुकोबाच आहेत. सकाळी गंध लावायला हात जातो तो त्यांनाच.