दवाखान्याचा मोबाइल कोण चालवतो?



आज आजार किंवा औषधाबद्दल लिहीत नाही. माझ्या दवाखान्याच्या सोशल मीडियाबद्दल लिहितोय. विषय रुक्ष वाटेल, पण यातली माझी एक चूक एका पेशंटच्या जिवावर बेतली होती. त्यामुळे शेवटपर्यंत वाचा.

काही वर्षांपूर्वी मी दवाखान्याचं फेसबुक आणि इन्स्टाग्राम पान सुरू केलं. डेंगीत प्लेटलेट किती महत्त्वाच्या, बीपीची गोळी मधेच का सोडू नये, अशी साधी माहिती द्यायचो. लोक वाचू लागले आणि मेसेजही येऊ लागले. दिवसभर ओपीडी आणि रात्री मेसेज, असं चक्र झालं. तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, या कामासाठी सॉफ्टवेअर असतं. सगळ्या पानांवर एकदम पोस्ट टाकता येते, सगळे मेसेज एका जागी दिसतात, उत्तरंही आपोआप जातात." मी आनंदाने हो म्हणालो. पैसे भरले, आणि परवानग्यांच्या लांबलचक यादीवर न वाचता 'मान्य' दाबलं.

एका शनिवारी मी अ‍ॅसिडिटीवर पोस्ट टाकली होती. त्या रात्री साडेअकराच्या पुढे माझ्या जुन्या पेशंट असलेल्या एका काकूंचा मेसेज आला : "डॉक्टर, यांच्या छातीत जळजळतंय, घामही आलाय. अ‍ॅसिडिटीच असेल ना?"

मी झोपलो होतो. सॉफ्टवेअर जागं होतं. दोन सेकंदांत उत्तर गेलं : "आपल्या मेसेजबद्दल धन्यवाद! आमची टीम लवकरच आपल्याशी संपर्क साधेल." पुढे एक हसरा चेहरा.

सकाळी मेसेज पाहिला आणि पोटात गोळा आला. लगेच फोन केला. काका रात्रभर खुर्चीत बसून होते. ईसीजीत हार्ट अटॅक स्पष्ट दिसला. ते वाचले, पण हृदयाच्या स्नायूचं जे नुकसान झालं ते झालंच. हृदयाची रक्तवाहिनी बंद पडली की मिनिटामिनिटाला स्नायू मरत जातो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असो की अँजिओप्लास्टी, उपचार जितका लवकर तितका फायदा जास्त. आम्ही अख्खी रात्र घालवली होती.

काकू माझ्यावर चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमचं उत्तर आलं होतं ना, म्हणून थांबलो."

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा त्या सॉफ्टवेअरचा पडदा नीट पाहिला. काकूंच्या मेसेजसमोर शिक्का होता : 'हॉट लीड'. विक्रीच्या भाषेत लीड म्हणजे संभाव्य गिऱ्हाईक. आणि आठवड्याच्या अहवालात लिहिलं होतं, 'प्रतिसादाचा वेळ : उत्तम'.

खरं सांगायचं तर सॉफ्टवेअर बिघडलेलं नव्हतं. ते ज्या कामासाठी बनवलं होतं, तेच करत होतं. साड्यांच्या दुकानाला ते शोभलं असतं. दुकानाचं अवजार दवाखान्यात मी आणलं होतं.

आधी तत्त्व, मग सॉफ्टवेअर

पुढच्या रविवारी मी, सिस्टर, रिसेप्शनवरची मुलगी आणि भाचा एकत्र बसलो. कुठलंही नवीन सॉफ्टवेअर बघण्याआधी, आपला दवाखाना कशासाठी आहे, हे केसपेपरच्या मागे लिहून काढलं. चार वाक्यं झाली.

१. पेशंटची गोष्ट दवाखान्याबाहेर जाणार नाही. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत हे बंधन आहेच. पण आमच्या सॉफ्टवेअरला सगळे मेसेज वाचण्याची परवानगी मीच दिली होती. लोक मेसेजमध्ये काय पाठवतात? लघवीचे रिपोर्ट, मूळव्याधीचे फोटो, घरातली भांडणं. आणखी एक सोय अशी होती की मधुमेही पेशंटचे फोन नंबर अपलोड करायचे, मग 'त्यांच्यासारखे' लोक शोधून त्यांना जाहिरात दाखवता येते. भाच्याने बिचाऱ्याने मेहनत करून यादी तयारही केली होती. ती आम्ही पुसून टाकली. तुम्ही नंबर दिला होता तो रिपोर्ट कळवायला.

२. घाबरवून किंवा भुलवून पेशंट आणायचा नाही. सॉफ्टवेअर मथळे सुचवायचं. मी लिहिलं होतं, 'मधुमेह आटोक्यात ठेवताना'. त्याने सुचवलं, 'मधुमेह मुळापासून घालवा!' असा दावा करणाऱ्या जाहिरातींना आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. कायदा नसता, तरी ते खोटंच होतं.

३. उत्तर देणारा माणूस असेल, नाहीतर उत्तर मिळणार नाही हे स्पष्ट सांगू. 'लवकरच संपर्क साधू' हे आजारी माणसाला दिलेलं वचन असतं.

४. दवाखान्याच्या नावाने जे जाईल, ते मी वाचलेलं असेल.

ही चार वाक्यं हातात धरून मी तीन-चार कंपन्यांशी बोललो. मेसेज कुठे साठवता? कोण पाहू शकतं? आम्ही सोडून गेलो तर आमची माहिती पुसणार का? आपोआप उत्तर पूर्ण बंद करता येतं का? प्रत्येक कर्मचाऱ्याला वेगळा पासवर्ड मिळतो का? एका विक्रेत्याने प्रत्येक प्रश्नावर मला सवलतीचा दर सांगितला. मला उत्तर मिळालं.

शेवटी अगदी साधं सॉफ्टवेअर घेतलं. ते फक्त ठरलेल्या वेळी पोस्ट टाकतं, तेही माझी मंजुरी मिळाल्यावरच. मेसेजला त्याचा हात लागत नाही. पानावर मेसेज केलात तर आता एकच ठरलेला मजकूर येतो, आणि तो आम्ही चौघांनी बसून लिहिलाय : "इथले मेसेज कोणी वाचत नाही. छातीत दुखणं, धाप, बेशुद्धी, तोंड वाकडं होणं असं काही असेल तर आत्ताच १०८ ला फोन करा. बाकी त्रासासाठी दवाखान्याच्या वेळेत फोन करा." हसरा चेहरा नाही.

याची किंमतही मोजली. पान पूर्वीसारखं वाढत नाही. रिसेप्शनवरच्या मुलीला फोन जास्त घ्यावे लागतात, म्हणून तिचा पगार वाढवला. काही पेशंट म्हणतात, "डॉक्टर, तुम्ही मागे पडलात." असेन.

तुम्ही काय कराल?

तुमच्या डॉक्टरांचंही असं पान असेल. त्यांना मोकळेपणाने विचारा : हे मेसेज कोण वाचतं, आणि कधी? हे विचारण्यात उद्धटपणा नाही. रिपोर्ट किंवा फोटो पानावर पाठवू नका. कमेंटमध्ये स्वतःचा आजार लिहू नका, तो सगळ्या गावाला दिसतो. नंबर दिल्यावर जाहिराती येऊ लागल्या तर थांबवायला सांगा. तुमची संमती परत घेण्याचा हक्क २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्याने मान्य केला आहे. आणि दोन सेकंदांत उत्तर आलं, तर ते डॉक्टरांनी दिलेलं नाही, एवढं समजून घ्या.

सर्वात महत्त्वाचं. छातीत जडपणा किंवा जळजळ, सोबत घाम, धाप, डावा हात किंवा जबडा दुखणं, यातलं काही असेल तर अ‍ॅसिडिटी आहे की नाही हे घरी ठरवू नका. मधुमेह असेल तर दुखणं अगदी कमी असू शकतं, नुसता घाम आणि थकवाही येतो. अशा वेळी मेसेज टाइप करू नका, मलासुद्धा नाही. पेशंटला गाडी चालवू देऊ नका. १०८ ला फोन करा, किंवा मिळेल त्या वाहनाने ईसीजीची सोय असलेल्या जवळच्या हॉस्पिटलमध्ये जा.

ते काका दर महिन्याला तपासायला येतात. जिना चढताना आता मधे एकदा थांबतात. वर आले की मी त्यांची नाडी बघतो, आणि दर वेळी ती रात्र आठवते.