लाल खेकडे आणि आमची मोरी

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही, म्हणून दोघातिघांनी फोन करून विचारलं, "काकू, तब्येत बरी आहे ना?" तब्येत उत्तम आहे, गुडघे सोडून. मध्यंतरी तीन महिने लेकीकडे पर्थला होते. तिथली एक गोष्ट तुम्हाला सांगायची होती, पण लिहायला बसलं की हात थांबायचा. कारण त्या गोष्टीचं दुसरं टोक आमच्या गावात आहे आणि तिथली चूक माझी आहे. आज लिहूनच टाकते.

२०२५च्या नोव्हेंबरात लेक, जावई आणि नातू मला ख्रिसमस बेटावर घेऊन गेले. नाव ऐकून मला वाटलं, दिव्यांची आरास नि केक असणार. तसलं काही नाही! १६४३ साली नाताळच्या दिवशी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजाचा कप्तान विल्यम मायनर्स या बेटाजवळून गेला आणि वारावरून पेठेला नाव द्यावं तसं नाव ठेवून मोकळा झाला. बेट ऑस्ट्रेलियाचं, पण पर्थहून तब्बल २६०० किमी लांब. जावा मात्र ३५० किमीवर. क्षेत्रफळ अवघं १३५ चौरस किमी, वस्ती १७००च्या आसपास. फॉस्फेटच्या खाणींसाठी आणलेल्या चिनी आणि मलाय मजुरांचे वंशज तिथे राहतात. देऊळ, मशीद, चिनी खाणावळ सगळं आहे. बेटाचा साठ टक्क्यांहून जास्त भाग राष्ट्रीय उद्यान आहे, आणि त्या जंगलात राहतात तांबडे खेकडे. थोडेथोडके नव्हेत, दहा कोटींहून जास्त!

हे खेकडे एरवी जंगलात बिळं करून राहतात, पडलेली पानं, फळं, बिया खातात. जंगलाची जमीन झाडून ठेवल्यासारखी स्वच्छ दिसते ती त्यांच्यामुळेच. जमिनीवर राहत असले तरी श्वास घेतात कल्ल्यांनीच, त्यामुळे ओल हवीच. उन्हात सापडले तर वाळून मरतात. म्हणून पावसाळ्याचा पहिला पाऊस पडला, बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, की सगळे एकदम समुद्राकडे निघतात. सकाळी नि संध्याकाळी चालायचं, दुपारी सावलीत दबा धरून बसायचं. पुढे नर, मागून माद्याही येऊन मिळतात. किनाऱ्याला पोचल्यावर नर समुद्रात डुंबून घेतात आणि बिळं खणतात. मीलन झालं की नर परतीच्या वाटेला लागतात. मादी मात्र १२-१३ दिवस त्या ओल्या बिळात अंडी पोटाशी धरून बसते.

आणि मग कृष्णपक्षातली अष्टमी गाठून, पहाटेच्या अंधारात, भरती ओसरू लागली की अंडी समुद्रात सोडते. अष्टमीच का? जावई मोबाइलवर वाचून दाखवत होते की त्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पाण्यातला फरक सर्वांत कमी असतो, त्यामुळे मादीला पाण्याजवळ जाणं कमी धोक्याचं असावं. मी म्हटलं, "अहो, मग भांग म्हणा ना!" आमच्याकडे अमावास्या-पौर्णिमेला उधाण नि अष्टमीला भांग, हे शाळेत न गेलेली कोळीणही सांगते. खेकडीला ते कुणी शिकवलं कोण जाणे. पाऊस उशिरा आला तर धावपळ करून तिथी गाठतात, अगदीच उशीर झाला तर पुढच्या महिन्यापर्यंत थांबतात. तिथी चुकवत नाहीत.

ती पहाट आम्ही पाहिली. कार्तिक वद्य अष्टमी होऊन दोन-तीन दिवस झाले होते. इकडे आळंदीला गर्दी लोटली असेल, असं मनात येऊन गेलं. खडकांवर पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक मादी पाण्याच्या कडेला जाऊन नांग्या वर करून सगळं अंग थरथरवत होती. एकेका मादीची एक लाखापर्यंत अंडी! पाणी लागलं की लगेच फुटतात. त्यांतली बहुतेक पिल्लं मासे खातात, शिवाय देवमुशीसारखे मोठे मासे मेजवानीला येतात. तीन-चार आठवड्यांनी उरलेली पिल्लं जमिनीवर येतात, नखाएवढीही नसतात. बऱ्याच वर्षी तर जवळजवळ एकही परत येत नाही. दहा वर्षांत एखाद-दुसऱ्या वेळी मात्र इतकी येतात की किनारा लाल होतो. तेवढ्यावर सगळा वंश चालतो.

पण मला सांगायचं आहे ते आदल्या दिवशीचं.

संध्याकाळी आम्ही गाडीने मुक्कामाकडे परतत होतो. या दिवसांत काही रस्ते पूर्ण बंद ठेवतात, काही ठरावीक वेळी. कुठला रस्ता बंद आणि कुठला चालू, याच्या पाट्या लावतात. रस्त्याच्या कडेने प्लॅस्टिकच्या बुटक्या भिंती उभारल्या आहेत. त्या खेकड्यांना वळवून रस्त्याखालच्या भुयारांकडे नेतात. एका ठिकाणी तर रस्त्यावरून खास खेकड्यांचा पूल आहे, सुमारे पाच मीटर उंच, आणि त्यावरून ही मंडळी बिनदिक्कत चढून पलीकडे उतरतात! जिथे यातलं काही नाही, तिथे माणसाने उतरायचं. बेटावरच्या गाड्यांमध्ये लांब दांड्याचं दाताळं ठेवलेलं असतं. एकाने पुढे चालत खेकडे हलकेच बाजूला सारायचे, मागून गाडी मुंगीच्या पावलांनी.

आमच्या गाडीपुढे नातू दाताळं घेऊन चालत होता. वय वर्षं अकरा. रिमझिम पाऊस, पाऊण तास झाला तरी आम्ही फर्लांगभरच सरकलो होतो. माझे गुडघे दुखत होते, चहाची वेळ टळून गेली होती. मी काच खाली करून म्हटलं, "अरे बाळा, एवढे कोट्यवधी आहेत. चार चिरडले तर काय होणार आहे?"

तो थांबला. त्याचं मराठी तसं मोडकंतोडकं. त्याने मागे वळून खरोखरच विचारलं, "आजी, कुठले चार?"

त्याला वाटलं, मी चार निवडून दाखवणार आहे! उद्धटपणा नव्हता त्यात. मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, पोरांच्या प्रश्नाला उत्तर नाही असं फारसं झालं नाही. त्या दिवशी झालं. पुढ्यात तळहाताहून मोठा एक तांबडा खेकडा गाडीच्या चाकाकडे डोळे रोखून उभा होता. हे खेकडे वीस-तीस वर्षं जगतात म्हणे. म्हणजे मी निवृत्त झाले, त्याच्या आधीपासून हा दरवर्षी ही वाट चालत असेल. मी काच वर केली आणि गप्प बसले. आणि गप्प बसल्यावर मला आमची मोरी आठवली.

आमचं गाव पेण तालुक्यातलं. पहिला पाऊस पडला की शेतात मुठे निघतात हे तिकडच्या वाचकांना सांगायला नको. लहानपणी माहेरी मी आबांबरोबर बत्ती घेऊन रात्री मुठे पकडायला जायची. उजेड पडला की मुठा जागच्या जागी थबकतो, मागून पाठीवर धरायचा. आबा प्रत्येक मुठा उलटा करून बघायचे. पोटाखालच्या झाकणात पिल्लं असतील तर मादी बांधापलीकडे सोडून द्यायचे. आपल्या गोड्या पाण्यातल्या खेकडीची पिल्लं समुद्रात जात नाहीत, अंड्यातून सरळ छोटा खेकडाच निघतो आणि काही दिवस आईच्या पोटाशीच राहतो. आबांना हे पुस्तकातलं ठाऊक नव्हतं. "लेकुरवाळी आहे, जाऊ दे," एवढंच म्हणायचे. बाकीच्यांचं कालवण व्हायचं आणि ते मी चवीने खायची, अजूनही खाते. उगाच साधुत्वाचा आव आणत नाही.

सासरच्या आमच्या घरासमोरून रस्ता जातो. एका बाजूला खाचरं, दुसऱ्या बाजूला आमचं परस आणि मागे ओढा. रस्त्याखालून जुनी दगडी मोरी होती. खाचरांचं पाणी तिच्यातून परसात यायचं आणि कडेकडेने ओढ्याला मिळायचं. पाण्याबरोबर मुठेही यायचे-जायचे. २०१४ साली रस्त्याचं काँक्रीट झालं. काम करणाऱ्या माणसाने विचारलं, "बाई, मोरी ठेवायची का? पाइप टाकावा लागेल." जोराच्या पावसात पाणी पडवीपर्यंत चढायचं, मी कंटाळलेली होते. मी म्हटलं, "बुजवून टाका. कटकट गेली."

पुढच्या जूनमध्ये पहिल्या पावसानंतरच्या सकाळी दार उघडलं तर रस्त्यावर चिरडलेल्या मुठ्यांचा सडा. रात्रभर मोटारसायकली आणि रेतीचे ट्रक जात होते. खालून वाट नाही म्हटल्यावर ते वरून निघाले होते. मी काय केलं? खराटा घेतला, दोन बादल्या पाणी ओतलं आणि अंगणासमोरचा रस्ता धुऊन काढला. वास येऊ नये म्हणून! त्यानंतर दरवर्षी तेच. अलीकडे तर तेही करावं लागत नव्हतं. मुठेच फारसे दिसत नव्हते. मी समजत होते, खतं नि औषधं मारतात म्हणून कमी झाले असतील. तेही खरं असेल. पण मोरीचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

त्या बेटावरही माणसाच्या हातून चूक झालीच होती. पिवळ्या वेड्या मुंग्या म्हणून एक जात आहे, ती १९१५ ते १९३४च्या दरम्यान नकळत तिथे येऊन पडली. बरीच वर्षं काही झालं नाही. १९८९ला त्यांची पहिली प्रचंड वसाहत दिसली आणि पुढच्या दशकात त्या झपाट्याने पसरल्या. या मुंग्या चावत नाहीत, फॉर्मिक आम्ल फवारतात. खेकडा आंधळा होतो नि मरतो. असे एक कोटीहून जास्त खेकडे गेले असा अंदाज आहे. हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकून झालं. मग लक्षात आलं की मुंग्या जगतात त्या झाडांवरच्या खवले किडीच्या गोड चिकट स्रावावर. ती कीड आपल्या लाखेच्या किडीच्या कुळातली. तिच्यावर जगणारी दोनेक मिलिमीटरची परोपजीवी माशी मलेशियात सापडली. ती दुसऱ्या कशाला त्रास देणार नाही ना, याची नीट तपासणी करून डिसेंबर २०१६मध्ये बेटावर सोडली. मुंग्यांची रसदच तोडली म्हणा ना! माणसाने केलेलं निस्तरायला किती वर्षं आणि किती हात लागले ते बघा.

त्यांचं ते नकळत झालं होतं. मी तर तोंडाने सांगून मोरी बुजवली होती.

परत आल्यावर पुतण्याला फोन केला. हल्ली गावचं घर तोच बघतो. म्हटलं, पावसाच्या आधी मोरी उकरून पाइप टाकायचा. तो आधी हसला. "काकू, खेकड्यांसाठी मोरी? लोक काय म्हणतील?" मग म्हणाला, "आणि पाणी पुन्हा पडवीत आलं तर?" हा प्रश्न मात्र रास्त होता. घरात लहान बाळ आहे, ओल चालणार नाही. आमचं चांगलंच वाजलं. मी रागाने फोन ठेवला. दोन दिवसांनी त्याचाच फोन आला. मोरीच्या तोंडापासून ओढ्यापर्यंत खोल चर मारला तर पाणी पडवीकडे वळणार नाही, असं त्याने गवंड्याला विचारून ठेवलं होतं. फक्त चर जातो तो माझ्या हापूसच्या कलमाच्या मुळाशेजारून. ते कलम ह्यांनी लावलेलं. जगेल की नाही सांगता येत नाही, असं गवंडी म्हणतो.

दोन रात्री झोप लागली नाही. ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, पण मोसमाचा पहिला आंबा अजून त्यांच्या फोटोपुढे ठेवते. शेवटी पुतण्याला सांगितलं, चर जरा वाकडा घे, चार हात लांब पडला तरी चालेल, जास्तीची मजुरी माझी. तरीही कलम गेलं तर गेलं. ग्रामपंचायतीत रस्ता फोडायच्या परवानगीचा अर्ज मी स्वतः लिहून दिला आहे. कारणाच्या रकान्यात "पाण्याचा निचरा" असं लिहिलंय. खोटं नाही ते! मुठ्यांचं लिहिलं असतं तर अर्ज गावभर वाचून दाखवला असता.

बारा वर्षांनी मुठे परत त्या वाटेने येतील का? खाचरांत तेवढे उरले तरी आहेत का? पहिल्या पावसाला मी गावीच असणार आहे. पुतण्याच्या मोठ्या मुलाला रात्री जागवायचं ठरवलं आहे, बत्ती माळ्यावरून काढून ठेवायला सांगितली आहे. पर्थच्या नातवाला फोनवर सगळं सांगितलं, तर त्याने एकच विचारलं, "आजी, दाताळं आहे ना तुझ्याकडे?"

आहे. परसातच आहे, पाचोळा ओढायचं. त्याचा दांडा तेवढा बदलून घ्यायला हवा.

असो. पावसानंतर काय झालं ते लिहीनच.