गोधड्यांना ऊन, शेगडीला खिडकी

दिवाळी आटोपली की माळ्यावरच्या गोधड्या, शाली, कानटोप्या खाली येतात आणि गच्चीवर उन्हात पसरल्या जातात. निफाडकडे पारा घसरल्याची बातमी यायला मग फार दिवस लागत नाहीत. त्याच माळ्यावरून हीटर आणि पाणी तापवायचा रॉडही खाली उतरतो. त्यांना मात्र कुणी उलटसुलट करून पाहत नाही. वर्षभराच्या धुळीसकट त्यांचा प्लग भिंतीत खोचला जातो.

थंडीत घरात विस्तव वाढतो आणि त्याच वेळी खिडक्या बंद होतात. यातली बंद खिडकी जास्त घातक.

अनेक घरांत अजूनही बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात. त्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा टाकून धुरी दिली जाते. बाळाला वारा लागू नये म्हणून आजी दार लोटून घेते, खिडकीच्या फटीत जुनं लुगडं कोंबते. त्या हातांत माया असते, पिढ्यान्‌पिढ्यांची सवयही असते. पण धूर ओसरून निखारे लालबुंद झाले, की शेगडी निर्धोक वाटू लागते, आणि घात होतो तो तिथेच. धूर नसलेल्या निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीनं या वायूला धरून ठेवतं. जाग्या माणसाचं डोकं दुखतं, त्याला मळमळतं. झोपलेल्याला काहीच कळत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातल्या दामन इथं केरळचे आठ पर्यटक दारं-खिडक्या लावून गॅस हीटरच्या उबेत झोपले आणि सकाळी उठले नाहीत. त्यांत चार मुलं होती.

शेक जरूर द्यावा. पण खिडकीचं एक दार उघडं असावं, बाजेवरून लोंबणारी गोधडी वर खोचलेली असावी, आणि शेक संपताच शेगडी अंगणात जावी. रात्रभर ती खोलीत राहता कामा नये. गॅस गीझरलाही हाच न्याय: त्याची जागा न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत.

विजेचा हिशोब सोपा आहे. दोन हजार वॉटचा हीटर जवळजवळ नऊ अँपिअर प्रवाह ओढतो, आणि मोबाइल चार्जरसाठी आणलेला एक्स्टेन्शन बोर्ड बहुधा सहा अँपिअरचा असतो. आधी वायर गरम होते, मग प्लगच्या कडा पिवळट पडतात, जळकट वास येतो. हीटर भिंतीतल्या सोळा अँपिअरच्या सॉकेटलाच लावावा, आणि पडदा, पलंग, वाळत टाकलेले स्वेटर त्याच्यापासून निदान तीन फूट दूर असावेत. रॉडचं बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय बादलीत बोट घालू नये, हे घरातल्या लहानांनाही ठाऊक हवं.

स्वयंपाकघरात याच दिवसांत डिंकाचे लाडू होतात. कढत तुपात डिंकाचा खडा टाकला की तो तडतडत फुलतो, पांढरा होतो. नेमका तेव्हाच फोन वाजतो, तूप धुरावतं आणि पेट घेतं. अशा वेळी हात आपसूक पाण्याकडे जातो, आणि तेच करायचं नसतं. पाणी तुपाच्या तळाशी जाऊन क्षणात वाफ होतं आणि पेटतं तूप चौफेर उडवतं. गॅस बंद करून कढईवर मोठं झाकण सरकवावं आणि ती निवेपर्यंत जागची हलवू नये.

सिलिंडरची नारिंगी नळी पाच वर्षांनी बदलायची असते. तिच्यावर साल छापलेलं असतं, पण ओट्यामागे वाकून ते वाचतं कोण? गळणारा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो आणि एका ठिणगीनं पेटू शकतो, म्हणून वास येताच दिव्याचं किंवा पंख्याचं बटण दाबायचं नाही. रेग्युलेटर बंद करावा, दारं-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन करावा.

राहता राहिली ग्रिल, आग लागलीच तर बाहेर पडायची वाट अडवणारी. शहरांतल्या फ्लॅटांना चोराच्या भीतीनं लोखंडी पिंजरे बसवलेले असतात. त्यांत उघडणारी झडप असली तरी कुलपाची किल्ली कपाटाच्या आतल्या कप्प्यात, साड्यांखाली ठेवलेली. ती खिडकीशेजारी खिळ्याला टांगावी आणि कुलपात तेलाचे दोन थेंब सोडून एकदा उघडून पाहावं, कारण पावसाळ्यात ते बहुधा गंजलेलं असतं.